मुंग्या घालवायला न्यूट्रल आणि अर्थ जोडू नका

सध्या गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतोय. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपला किंवा फोनला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर म्हणे 230 व्होल्टचा करंट थेट अंगात येतोय, चार्जर डुप्लिकेट आहे आणि बॅटरी कधीही फुटेल. उपाय काय, तर थ्री-पिन सॉकेटमध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणि अर्थ (जमिनीत जाणारी सुरक्षेची वायर) वायरच्या तुकड्याने जोडून टाका. मी वायरिंगची कामं करतो. पहिल्या तीन गोष्टी चुकीच्या आहेत. चौथी जीव घेईल, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रलला अर्थिंग असतं, तेव्हा घरात जोडलं तर काय बिघडलं, असं लोक विचारतात. पावसात माडाची झावळ पडून खांबावरून घरात येणारी न्यूट्रल तुटली, की काय होतं ते पाहा. घरात पंखा चालू आहे. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तिची वीज पंख्यातून न्यूट्रलवर येते, पण पुढे वाट नाही. तुमच्या त्या तुकड्यातून ती अर्थच्या वायरीत शिरते आणि घरातलं अर्थिंग धड नसेल तर फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर यांच्या पत्र्यावर जवळपास 230 व्होल्ट उभे राहतात. दुसरा धोका त्याहून साधा. जुन्या वायरिंगमध्ये सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटसुलट जोडलेले पुष्कळदा सापडतात. तिथे हा तुकडा टाकला तर फेजच अर्थच्या पिनेला लागते. अर्थिंग नीट असेल तर फ्यूज उडेल, नसेल तर बटण दाबताक्षणी पत्रा जिवंत. असा तुकडा कुणी टाकला असेल तर आजच वायरमनला बोलावून काढून घ्या.

आता मुंग्या येतात कशाने? दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये रेडिओ-टीव्हीत खरखर होऊ नये म्हणून वीज येणारी बाजू आणि चार्जिंगची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो. तो साधारण 2.2 नॅनोफॅरडचा असेल, तर 50 हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे साडेचौदा लाख ओहम होतो. म्हणजे अंगातून जाणारा करंट फार तर 0.16 मिलिअँपिअर. अशा अडॅप्टरला सुरक्षेच्या मानकांत जेवढी मुभा आहे, तिच्या आतच हा बसतो. घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सहसा 30 मिलिअँपिअरचा असतो. बोटाची पाठ लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून अलगद फिरवा, धातू खरखरीत झाल्यासारखा लागेल. तळवा घट्ट टेकवला तर बहुधा काहीच कळणार नाही.

टेस्टर पेटतो म्हणजे 230 व्होल्ट आहेत असं काहीजण म्हणतात, तेही खरं नाही. टेस्टरमधला निऑनचा दिवा नगण्य करंटवर पेटतो. मल्टिमीटर शंभरच्या आसपास व्होल्ट दाखवेल, पण हात लागताच तो आकडा कोसळतो.

डुप्लिकेट चार्जरबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. अस्सल अडॅप्टरलाही मुंग्या येतात, त्यामुळे मुंग्या ही डुप्लिकेटची खूण नव्हे. पण अस्सल मालातला तो कपॅसिटर बिघडला तरी शॉर्ट होऊ नये अशा बेताने बनवलेला असतो. रस्त्यावरच्या स्वस्त चार्जरमध्ये त्याजागी साधा कपॅसिटर असू शकतो आणि तो शॉर्ट झाला तर मुंग्यांवर भागत नाही. हात झटकला जावा इतका धक्का बसला, अडॅप्टर तडकलेला असला किंवा जळका वास आला, तर तो परत वापरू नका.

बॅटरीचा इथे संबंधच नाही. प्लग काढा, बॅटरी भरलेलीच असते आणि मुंग्या जातात.

पावसात त्या जास्त जाणवतात, कारण अनवाणी पाय ओल्या कोब्यावर असतात आणि हात घामेजलेले. पाय कोरड्या पाटावर घ्या, फरक कळेल.

खरा उपाय थ्री-पिन अडॅप्टर आणि चालू अर्थिंग. लॅपटॉपसोबत तीन पिनांची केबल आली असेल तर तीच वापरा, अर्थची मोठी पिन कापू नका. पण फोंडा-डिचोलीकडच्या जुन्या चिऱ्यांच्या घरांत बोर्ड उघडला की कित्येकदा वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते, किंवा अर्थची हिरवी वायर कापून भिंतीत कोंबलेली असते. अशा सॉकेटला थ्री-पिन लावूनही मुंग्या राहतात. अर्थिंगचा खड्डाही तपासून घ्या: जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, किनाऱ्याकडे खाऱ्या हवेत पाइपवरचा क्लॅम्प गंजतो. वायरमनकडून अर्थचं रीडिंग (अर्थिंगचा अडथळा किती ते) मे महिन्यात घ्या. पावसात जमीन ओली असते, म्हणून ते सहसा चांगलं येतं.