मामांनी एका दिवसात सोडली! (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. व्यसनी पेशंट ओळखायला आणि त्याच्यावर उपचार करायला एमबीबीएसच्या मुलांना नीट शिकवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं : अभ्यासक्रम आधीच फुगलाय, मानसोपचारतज्ज्ञ आहेत की, आणि दारू सुटते ती निश्चयानं. तुमच्या मामांनी एका दिवसात सोडली.

मामांचं कौतुकच आहे. पण एका दिवसात सोडण्याचाच विषय निघालाय, तर माझी एक चूक सांगतो.

मी इंटर्न असताना मांडीचं हाड मोडलेला एक गवंडी ऑर्थोच्या वॉर्डात आला. केसपेपरवर व्यसनापुढे मी ‘नाही’ लिहिलं. विचारलं होतं, पण त्याच्या सासऱ्यांसमोर : ‘दारूबिरू पिता का हो?’ कोण हो म्हणेल? तिसऱ्या रात्री त्याचे हात थरथरायला लागले. घामानं निथळत तो चादरीवरच्या, नसलेल्या मुंग्या वेचत बसला. ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असं लिहून आम्ही त्याला गॉजच्या पट्टीनं खाटेला बांधलं. सकाळी मेडिसिनच्या सरांनी बायकोला बाजूला घेतलं. ‘शेवटची कधी घेतली?’ ‘पडले त्या दिवशी सकाळी. रोज दोन क्वार्टर लागतात.’ मग लोराझेपाम हे शांत करणारं औषध, ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. वाचला.

रोजची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांनी असा वात होऊ शकतो, माणूस दगावूही शकतो. डिलिरियम ट्रेमेन्स. परीक्षेत मी यावर टीप लिहिली होती, मार्कही मिळाले होते!

आणि तो मानसोपचाराच्या ओपीडीत आला नव्हता, हाड मोडून आला होता. २०१९च्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले ३७ पित्ताची गोळी, काविळीचं औषध घ्यायला कुणाकडे तरी जातच असणार.

अभ्यासक्रम फुगलाय, हे शंभर टक्के मान्य. नवा पेपर मी मागतच नाही. नातेवाइकांना बाहेर थांबवून ‘शेवटची कधी घेतली, रोज किती?’ असं विचारायची सवय लावा, आणि ती प्रॅक्टिकलला तपासा. बायकांना मिशरीचं वेगळं विचारायलाही मुलांना शिकवा. पुष्कळजणींच्या लेखी मिशरी म्हणजे तंबाखू नव्हेच.

बाकी, मामांचं उदाहरण ऐकून कुणी उद्यापासून सोडायला निघालं, आणि सकाळी घेतल्याशिवाय त्याचा हात स्थिर होत नसेल, तर त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा. मामा रोज किती घ्यायचे, तेही जमलं तर कळवा.