शून्याचं टोक

अभिनंदन! इंटर्नशिप मिळाली, तीही बांधकाम खात्याच्या उपविभागात, रस्ते दुरुस्तीवर. वर्गातली हुशार मुलं पुण्यात एसीत बसून संगणकावर तुळया काढत बसतील आणि तुम्ही उन्हातान्हात डांबराचा धूर खात देश घडवाल, असं तुमच्या आईला वाटतंय. वाटू द्या. तिने तुमच्यासाठी दोन टोप्या घेऊन ठेवल्यात. उन्हात फारसं जावं लागत नाही, हे तिला आत्ताच सांगू नका.

मी डिप्लोमाच्या सुट्टीतले सहा आठवडे अशाच एका तालुक्याच्या ऑफिसात काढले. नाव सांगत नाही, कारण सगळी ऑफिसं आतून सारखीच दिसतात. त्या भांडवलावर सांगतोय, कामी येईल.

प्राचार्यांच्या सहीचं पत्र तीन प्रतींत न्या. एक आवक-जावकला, एक साहेबांच्या टेबलावर आणि एक हरवायला. साहेब साइटवर असतील. कुठल्या साइटवर, असं विचारू नका, ते शिपायालाही ठाऊक नसतं. आवारात एक जुना रोडरोलर उभा असेल. त्याच्या बुडातून पिंपळ उगवलेला असेल. त्या पिंपळाच्या सावलीत थांबा. अंदाजपत्रक, निविदा आणि कार्यारंभ आदेश यांच्याशिवाय खात्याच्या आवारात वाढलेली ती एकमेव गोष्ट आहे, जरा आदराने बघा.

पगाराचं विचारू नका. २०२४ साली आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत डिप्लोमावाल्याला महिन्याला ८,००० रुपये ठरले होते खरे, पण ते शिक्षण संपल्यावर. शिकत असताना मिळतो तो चहा. तोही अर्धा, कारण दुसरा अर्धा बशीत सांडलेला असतो.

आता विषयाकडे येऊ. खड्डा कसा भरावा, हे तुमच्या डोक्यात पुस्तकाने भरवलेलं असेल. ते निघणार नाही, पण बाहेर दिसू देऊ नका. इंडियन रोड्स काँग्रेसची ८२ क्रमांकाची संहिता डांबरी रस्त्यांच्या देखभालीवरच आहे. ही संस्था १९३४ची, आणि तिच्या मुळाशी आपला मराठी माणूस: १९२७च्या रस्ते समितीचे अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर. रस्त्यांसाठी पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि इंजिनिअरांनी एकत्र बसून रस्त्याच्या शास्त्राचा विचार करावा, असं त्या समितीने सुचवलं होतं. यातली पहिली सूचना किती मनावर घेतली गेली, ते पंपावर गेलात की कळतं.

तर शास्त्र असं. खड्ड्याच्या कडा उभ्या आणि चौकोनी कापायच्या, कारण तिरक्या कडेला माल पातळ बसतो आणि पहिल्या एसटीच्या चाकाबरोबर उचकटतो. आतला सैल माल, माती, पाणी सगळं बाहेर काढायचं. झाडून धूळ उडवायची, कारण डांबर धुळीला चिकटतं आणि धूळ कुणालाच चिकटत नाही. मग टॅककोट, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून पातळ डांबराचा हात. मग गरम माल थराथराने टाकून प्रत्येक थर दाबायचा. नेहमीचं व्हीजी-३० डांबर असेल तर माल टाकताना तो १४० अंशांच्या खाली नको आणि ९० अंशांच्या खाली जायच्या आत दबाई उरकली पाहिजे.

हे सगळं मी पाठ करून गेलो होतो. खिशात थर्मामीटर होता, कॉलेजच्या लॅबमधून सही करून आणलेला. डंपर आला तेव्हा दुपार झाली होती. प्लँट लांब होता आणि मालावरची ताडपत्री निम्म्या वाटेतच वाऱ्याला शरण गेली होती. मी थर्मामीटर काढला. मुकादमाने माझ्याकडे बघितलं, मग मालात फावडं खुपसलं, त्याच्या पात्याला बोट लावलं आणि म्हणाला, "गरम हाय की." बोट त्याने निवांत तिथेच ठेवलं होतं. मी थर्मामीटर परत खिशात घातला. तुम्ही तो आणूच नका, फुटला तर कॉलेज भरून घेतं.

कडा कापायला कुणी कुदळ उचलली नाही. घमेली रिकामी झाली, फावड्याच्या पाठीने थोपटून झालं, वर मूठ मूठ कच पडली. रोलर येतोय, असं सगळे म्हणत होते. तो अजून येतच असेल. दबाई शेवटी उसाच्या ट्रॅक्टरांनी केली, तीही फुकट.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. त्या टोळीत खराटा मारणारी एक बाई होती, पायांना गोणपाट बांधलेलं, डोक्यावरचा पदर डांबराने कडक झालेला. मी वहीत खड्ड्याचं चित्र काढत होतो. ती खराटा टेकून म्हणाली, "लेकरा, ह्यात पानी खालून येतंय. वरून कितीबी भरा, आखाडात परत हाय." मग तिने हनुवटीने वरच्या अंगाला खूण केली. तिथे एका धाब्यापुढे गाड्या उतरायला फरशा टाकल्या होत्या आणि त्यांच्याखाली रस्त्याकडेची चारी बुजून गेली होती. पावसाचं पाणी चारीतून जायचं, ते आता रस्त्याच्या पोटातून जात होतं. खडीखालचा मुरूम लोण्यासारखा झालेला. अशा बायकांचं अजिबात ऐकू नका. एकदा कारण कळलं की खड्डा नुसता भरता येत नाही, चारी उघडावी लागते, धाबेवाल्याशी बोलावं लागतं, आणि धाबेवाला कुणाचा मेहुणा आहे ते सगळ्या तालुक्याला माहीत असतं. शिवाय चारी उघडल्यावर पुढच्या वर्षी दुरुस्तीच्या मागणीत लिहायचं काय?

खड्डा म्हणजे नेमकं काय, हाही प्रश्न विचारू नका. मुंबई महापालिकेने २०१९ साली तो सोडवून टाकलाय: खड्डे दाखवा, २४ तासांत बुजला नाही तर ५०० रुपये मिळवा. मात्र अट अशी होती की खड्डा निदान एक फूट लांब आणि तीन इंच खोल हवा. त्याहून लहान असेल तर तो खड्डा नाही, ती रस्त्याची खळी. त्याच्या दोन वर्षं आधी बांधकाम मंत्र्यांनी १५ डिसेंबर २०१७ ही खड्डेमुक्तीची तारीख दिली होती, आणि विरोधकांनी खड्ड्यांसोबत सेल्फी काढायची मोहीम काढली होती. पैकी सेल्फी अजून शाबूत आहेत. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र वेगळाच आकडा घातला: खड्ड्याने जीव गेला तर वारसांना ६ लाख, जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख. हे मोजमाप आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तुमच्यात असेल तर त्याला किती मार्क आहेत ते कळवा.

आणि आता मुख्य शिक्षण. साहेब एक दिवस खरंच साइटवर येतील आणि गाडीतून टेप काढतील, तीस मीटरचा. तुमच्या हातात त्याचं एक टोक देतील. ते शून्याचं टोक. खड्ड्याच्या कडेला ते घट्ट दाबून धरा आणि ऊन लागलं तर डोळे मिटा. आकडा दुसऱ्या टोकाला असतो. तो तिथूनच ओरडून सांगितला जातो, तिथेच वहीत लिहिला जातो आणि तिथून मोजमाप पुस्तिकेत जातो, म्हणजे जिच्यावरून कामाचं बिल निघतं तिच्यात. साखळी क्रमांक (म्हणजे रस्त्यावरचं ठिकाण, किलोमीटर आणि मीटरमध्ये), लांबी, रुंदी, खोली. खोली सरासरीने लिहितात. सरासरी ऑफिसात काढतात. मी एकदा सहज मान वळवून टेपवर बघितलं, तर साहेब मायेने म्हणाले, "अरे टोक सुटेल तुझं." सहा आठवडे मी टोक सुटू दिलं नाही.

डायरी पहिल्या आठवड्यातच पूर्ण लिहून टाका, हा सल्ला मला तिथल्या रोड कारकुनाने दिला. मीही मे महिन्यातच जूनची पानं भरली. १७ जूनला लिहून ठेवलं, 'डांबरी पॅचवर्कचे प्रत्यक्ष निरीक्षण केले.' त्या दिवशी पहाटेपासून असा पाऊस लागला की ओढ्याच्या पुलावरून पाणी गेलं. ऑफिसात मी, शिपाई आणि गळती, एवढेच हजर होतो. भिजल्या रस्त्यावर डांबर टाकत नाहीत एवढं मला पहिल्या सत्रापासून माहीत होतं, त्यामुळे जीव धाकधूक करत होता. पान फाडावं म्हणून कारकुनाकडे गेलो. त्याने मोजमाप पुस्तिका उघडली, पानावर बोट फिरवलं आणि दाखवलं. १७ जून, पॅचवर्क, सा.क्र. १२/४०० ते १३/१००. माझं निरीक्षण आणि खात्याची नोंद तंतोतंत जुळली होती. तोंडी परीक्षेत मला पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळाले.

एवढ्या पायावर माणूस पुढे जातो. मीही गेलो. आता टेप माझ्या गाडीत असतो.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली इंटर्नशिपला, तीन प्रतींत पत्र घेऊन. तिच्या खिशातून थर्मामीटर डोकावत होता. तिला साइटवर नेलं, टोक हातात दिलं. तिने ते दाबून धरलं, मान मात्र सारखी इकडे. मी आकडा सांगितला, कारकुनाने लिहिला. टेपची गुंडाळी करत होतो तर ती जवळ आली. म्हणाली, "सर, पुढच्या खड्ड्याला मी त्या बाजूने धरू का?"

मी म्हटलं, "ऊन बघ किती आहे. डायरी आण, सही करून देतो."