रिंगा नव्या, धूर जुनाच

गेले काही महिने एक मेसेज प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘गाडी निळा धूर मारते म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. मेकॅनिक हाफ इंजिनच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या कामाच्या) नावाखाली लुटतो. घरीच हेड-ब्लॉक उतरवा, ब्लॉकला आतून पॉलिश पेपर मारा, बोअरची गरज नाही, नव्या रिंगा टाका, पॅकिंगला सोल्यूशन फासा, नट गच्च आवळा. मग जाड ऑइल भरा आणि हजार किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ नका. हजार रुपयांत इंजिन नवं, गाडी कुठलीही असो.’

यातलं ‘घरीच’ मला शंभर टक्के मान्य आहे. वडिलांच्या जुन्या स्प्लेंडरचं काम मी पडवीत, पोत्यावर बसून केलंय. दोनदा केलंय, आणि दुसऱ्यांदा करावं लागलं ते पहिल्यांदा असाच सल्ला ऐकला म्हणून. 97.2 सीसीचं ते इंजिन, बोअर (सिलिंडरच्या आतल्या गोल पोकळीचा व्यास) 50 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 49.5. कूलंटची भानगड नाही, सिलिंडर पुढे आडवा झोपलेला, हेड (वरचा, व्हॉल्व्हचा भाग) आणि ब्लॉक (पिस्टन फिरतो तो सिलिंडर) इंजिन चासीतून न उतरवता निघतात. खोलणं अवघड नाहीच. पण या मेसेजमध्ये एकही गोष्ट मोजायला सांगितलेली नाही, आणि या कामात पाना चालवण्यापेक्षा मोजणंच जास्त असतं.

‘निळा धूर म्हणजे रिंगा गेल्या.’ निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच. ते खालून रिंगांच्या बाजूने येतं, तसंच वरून व्हॉल्व्हच्या गाईडमधून आणि सीलमधूनही येतं. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन धूर सोडते आणि मग स्वच्छ चालते, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून परत दिला की मागे निळा ढग दिसतो, तर आधी सीलवर संशय घ्या. चढाला, डबलसीट, सतत धूर येतो आणि गाडी ओढतही नाही, ऑइल टाकायचं झाकण उघडल्यावर आतून फसफस हवा मारते, तर रिंगा आणि बोअर. खात्री करायची तर कंप्रेशन गेज लावून आकडा बघा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, चार-पाच किका मारून ते पसरू द्या आणि पुन्हा बघा. आकडा चांगला चढला तर गळती रिंगांकडून. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीयेत, आणि तिथे रिंगा बदलून काहीही होणार नाही. ही तपासणी हेडच्या नटाला पाना लावण्याआधी करायची. (थंडीत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ धुरात मोजू नका. आमच्या शेजाऱ्यांनी तेवढ्यावरून गाडी विकायला काढली होती.)

‘ब्लॉकला पॉलिश पेपर मारा, बोअरची (आतून यंत्रावर कापून पुन्हा गोल करण्याची) गरज नाही.’ सगळा मेसेज पडतो तो इथे. बोअर वरपासून खालपर्यंत सारखा झिजत नाही. पिस्टन वर टोकाला येतो तिथे वरच्या रिंगेच्या मागे जळत्या गॅसचा दाब असतो, उष्णता सगळ्यात जास्त असते आणि ऑइल सगळ्यात कमी. त्यामुळे झीज तिथे जास्त, खाली कमी. शिवाय पिस्टन एका बाजूला रेटला जातो, म्हणून गोल हळूहळू अंडाकृती होतो. हाताने फिरवलेला पॉलिश पेपर हा उतारही काढू शकत नाही आणि हे अंडंही गोल करू शकत नाही. तो फक्त चकाकी घालवतो. अगदी वर, रिंग जिथवर पोचत नाही तिथे, न झिजलेली कड राहते. बोटाचं नख आतून वर ओढलंत तर अडकेल. जुनी रिंग त्या कडेच्या हिशोबाने झिजलेली असते. नवी रिंग कोरी, चौकोनी कोपऱ्याची, ती त्याच कडेवर आपटू शकते.

झीज किती, हे कळायला महागडं बोअर गेजच हवं असं नाही. एक नवी रिंग आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पुरतं. रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टन उलटा करून त्याच्या डोक्याने ती सरळ ढकला, म्हणजे तिरकी बसणार नाही. आधी अगदी खाली न्या, जिथे झीज जवळपास नसते. रिंगेच्या दोन टोकांमधली फट मोजा. मग रिंग वर, त्या कडेच्या जरा खाली आणा आणि परत मोजा. परीघ म्हणजे व्यास गुणिले 3.14, म्हणून फटीतला फरक भागिले 3.14 म्हणजे व्यासातली झीज. माझ्याकडे खाली 0.25 मिलिमीटर निघाली, वर 0.60. फरक 0.35, म्हणजे व्यास 0.11 मिलिमीटरने वाढलेला. एवढ्याशा बोअरला एक दशांश ही साधारण हद्दच. आणि नवी रिंग टाकूनही वरती फट 0.60 राहतेय, म्हणजे गॅसला वाट मोकळीच. पहिल्या खेपेला मी हे मोजलंच नव्हतं. पेपर मारला, रिंगा टाकल्या, आणि पावसाळा संपेपर्यंत धूर परत आला.

अशा वेळी ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे जातो आणि पुढच्या मापाचा पिस्टन येतो: 0.25 मिलिमीटरने मोठा, मग 0.50, असे टप्पे. पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकसोबत द्या. पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर मारायचा असतो. ‘ब्लॉक ठेवून जा, पिस्टन नंतर आणा’ म्हणणारा दिसला तर ब्लॉक उचलून पुढच्या दुकानात जा. त्या लेथच्या कामाचे पैसे ही लूट नाही, ते यंत्र तुमच्या-माझ्या पडवीत नाही. ब्लॉक परत आला की रॉकेलने नव्हे, गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवा. पांढरं फडकं आतून फिरवून काळं निघायचं थांबेपर्यंत धुवायचा. होनिंगची (बोअर मारल्यावर आतून बारीक रेषा पाडणाऱ्या घासकामाची) भुकटी आत राहिली तर नव्या रिंगा तीच घासून खाते. धुऊन पुसला की लगेच ऑइलचा हात, नाहीतर बिडावर डोळ्यादेखत तांबूस गंज धरतो.

आणि ‘गाडी कुठलीही असो’? यामाहाच्या आर15 चा सिलिंडर डायासिल नावाच्या कडक अ‍ॅल्युमिनियमचा आहे, केटीएमच्या ड्यूकला आतून निकासिलचा, म्हणजे निकेलचा कडक मुलामा असतो. तिथे पॉलिश पेपर लावणं म्हणजे चालत्या सिलिंडरचा निकाल लावणं.

‘नव्या रिंगा टाका.’ एवढ्या तीन शब्दांत? रिंगेवर बारीक अक्षर किंवा खूण असते, ती हेडच्या बाजूला. रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, साधारण 120 अंशांवर फिरवून ठेवायच्या. गजन पिनचं (पिस्टनमधल्या आडव्या पिनचं) सर्कलिप, म्हणजे ती पिन अडवणारी तारेची कडी, काढण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. मी कोंबलं नव्हतं. ‘टिंग’ असा आवाज आला आणि पुढचे दोन तास मी टॉर्च आणि तारेला बांधलेलं लोहचुंबक घेऊन इंजिनात डोकावत होतो. सर्कलिप टायमिंग चेनच्या बोगद्यात सापडलं. जुनं सर्कलिप परत वापरू नका, किटमध्ये नवं येतं. बसवताना मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) टी खूण आणि कॅम स्प्रॉकेटची खूण जुळवून, मॅग्नेट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून परत बघायचं. एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण ओढत नाही, आणि मग माणूस कार्ब्युरेटरला दोष देत बसतो.

‘पॅकिंगला सोल्यूशन, नट गच्च.’ जास्तीचं सोल्यूशन दाबून आत येतं. वर हेडकडे ऑइल जाण्याची वाट बारीक असते, ती बुजली की कॅम आणि रॉकर कोरडे. नवं पॅकिंग, दोन्ही पृष्ठभाग खरवडून स्वच्छ, बस. नट समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत. ‘गच्च’ला आकडा नसतो, आणि अ‍ॅल्युमिनियममधली आटी एकदा निघून आली की खर्च कुठल्या कुठे जातो.

‘जाड ऑइल आणि चाळीसची मर्यादा.’ जाड ऑइल धूर थोडे दिवस दाबतं, म्हणून लोकांना पटतं. स्प्लेंडरला 10डब्ल्यू-30 सांगितलंय, तेच भरा. रिंग बोअरला घट्ट टेकते ती तिच्या मागे गेलेल्या गॅसच्या दाबाने. सतत लाडात, मऊ थ्रॉटलवर चालवलीत तर दाब पुरेसा येत नाही, होनिंगच्या रेषा गुळगुळीत होतात आणि रिंगा बसायच्या राहून जातात. फुल थ्रॉटल आणि तासन्‌तास एकाच वेगाने पळवणं दोन्ही टाळा. पण चढ घ्या, वेग कमी-जास्त करा, मधे थांबून थंड होऊ द्या. पहिलं ऑइल शे-दोनशे किलोमीटरला काढा, उन्हात धरून बघा: बारीक चंदेरी चमक दिसेल, पहिल्या ऑइलला ती दिसतेच. त्याच दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेटची (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली) फट परत मोजा. नव्या पॅकिंगवर हेड थोडं बसतं, माझा एक टॅपेट तेव्हा आवळला गेलेला निघाला होता.