नऊ किलोंचा पखवाज

आमच्या बंड्याचं वजन नऊ किलो. त्यातले आठ किलो नुसती हिंमत आहे, असं आमची मुलगी म्हणते. मुलगी बंगळुरूला असते. तिला ती हिंमत फोनवर ऐकू येते. मला ती रोज सकाळ-संध्याकाळ उचलून तीन मजले खाली न्यावी लागते.

बंड्या जातीने डॅशहुंड. लांबी भरपूर, उंचीच्या वेळी कापड संपलेलं. तो घरी आला त्या दिवशी तळमजल्यावरच्या काकूंनी त्याला नीट निरखून विचारलं, "याचे पाय मागाहून येणार आहेत का?" बंड्याने तेव्हा त्यांच्यावर जो आवाज टाकला, तो ऐकून काकू दोन पायऱ्या मागे सरकल्या आणि मी तीन. त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये त्याचं नाव झालं. माझं मात्र गेलं. आता मला सगळे "बंड्याचे बाबा" म्हणतात. रिक्षास्टँडवरचे तर बंड्याला "डॉन" म्हणतात आणि मला "डॉनचा ड्रायव्हर".

डोंबिवलीतली आमची बिल्डिंग जुनी. लिफ्ट नाही, आणि लिफ्टचा विषय सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत चहाच्या आधी निघून चहाबरोबर संपतो. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, याला जिने चढू-उतरू द्यायचे नाहीत, सोफ्यावरून उडी मारू द्यायची नाही. पाठ लांब, पाय आखूड. मणक्यातली चकती सरकली तर मागचे पायच लुळे पडायचे. उचलायचं कसं, तेही शिकवलं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली आणि पाठ आडवी, सरळ. त्यामुळे मी जिना उतरतो तो थेट पखवाज घेतलेल्या वारकऱ्यासारखा. फरक इतकाच की आमचा पखवाज आपला आपणच वाजतो.

आणि वाजतो तो काही उगीच नाही, त्यामागे घराणं आहे. जर्मन भाषेत 'डाक्स' म्हणजे बॅजर, जमिनीखाली बीळ करून राहणारा, दणकट नख्यांचा आणि तितक्याच दणकट दातांचा प्राणी. डॅशहुंड वाढवला तो त्याच्या बिळात घुसायला. आत जायचं म्हणून पाय आखूड. वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला ऐकू जावं म्हणून छाती खोल आणि आवाज भारदस्त. बिळात मालकाला काही विचारायची सोय नाही, म्हणून निर्णय स्वतःचे स्वतः घ्यायचे. ही शेवटची गोष्ट बंड्याने फारच मनावर घेतली आहे. "बस" म्हटलं की तो आधी विचार करतो, मग माझ्याकडे बघतो, मग पुन्हा विचार करतो. तेवढ्यात मीच बसतो.

डोंबिवलीत बॅजर नाही. पण वस्ताद आहे. रिक्षास्टँडचा हा काळा कुत्रा बंड्याच्या तिप्पट आहे. एक कान फाटका, आणि त्या कानाची हकीकत प्रत्येक रिक्षावाला वेगळी सांगतो. आमच्या गेटसमोर उभ्या असलेल्या रिक्षेखाली त्याचा मुक्काम असतो. पहिला मजला उतरताना बंड्याला वास लागतो, तळमजल्यावर तो गुरगुरायला लागतो आणि गेटपाशी माझ्या हातांवर आडवा पडल्या पडल्या वस्तादच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. वस्ताद एक डोळा उघडतो. माझ्याकडे बघतो. हा शिवीगाळ करतोय ती कोणाच्या जिवावर, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मग जांभई देतो. एवढे दात एका वेळी बघितल्यावर बंड्याला वस्तादच्या पलीकडे गेल्याशिवाय खाली ठेवायची माझी छाती होत नाही.

पलीकडे गेल्यावर विधी उरकतात. समोरच्या गाडीच्या चाकाशी बंड्या पाय असा काही वर उचलतो की उरलेल्या तीन पायांवर तोल सांभाळताना लटपटतो. मला हा निव्वळ आगाऊपणा वाटायचा. पण २०१८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी निवारागृहातल्या कुत्र्यांवर हाच अभ्यास प्रसिद्ध केला. लहान कुत्रे मोठ्यांच्या मानाने पाय जास्त कोनात उचलतात. खूण उंचावर पडली की मागून येणाऱ्याला वाटावं, इथून कोणीतरी धिप्पाड गेलाय. वाचून मला नवल वाटलं नाही. आमच्या चौकातही ज्यांना त्यांची गल्लीसुद्धा ओळखत नाही त्यांचाच फ्लेक्स सर्वांत उंच असतो.

दुसऱ्या मजल्यावरचे नाना बंड्याच्या विरोधात आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी एकदा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००८ सालच्या पाहणीची बातमी टाकली. माणसांना चावणं किंवा चावायला धावणं यात ज्या जाती सर्वांत पुढे निघाल्या, त्यांत डॅशहुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर. अनोळखी माणसांवर आणि मालकांवरही! खाली नानांनी नुसतं लिहिलं, "सूज्ञांस सांगणे न लगे." माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघून मी गप्प बसलो. मुलगी मात्र बंगळुरूहून उतरली मैदानात. तिने स्मोकी सांगितली.

स्मोकी ही यॉर्कशायर टेरियर, वजन जेमतेम दोन किलो. १९४४ साली न्यू गिनीच्या जंगलात एका खड्ड्यात सापडली आणि बिल विन नावाच्या अमेरिकन सैनिकाकडे आली. पुढे फिलिपीन्समध्ये लुझोन बेटावरच्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. सत्तर फूट लांब आणि आठ इंच रुंद नळ, तोही मातीने जागोजागी भरलेला. स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली, पलीकडच्या तोंडाशी विन हाका मारत बसला, आणि ती बया आरपार गेली. धावपट्टी खणायची वेळच आली नाही. ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नानांनीसुद्धा एक हात जोडलेला पाठवला.

मला त्या कथेतलं वेगळंच लागलं. हा विन स्मोकीला पाठपिशवीत घालून युद्धभर हिंडत होता. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हाही तीन कुत्री वाचली, दोन पॉमेरेनियन आणि एक पेकिनीज. तिन्ही कुशीत मावणारी, मालकांबरोबर होडीत बसून सुटलेली. एवढ्याशा कुत्र्यांच्या पराक्रमात कोणाचा तरी खांदा, मांडी नाही तर दंड वापरात असतोच. पण खांद्याचा पुतळा कोणी उभारत नाही.

तर माझा खांदा नाही, कंबर गेली. जुलैतली पावसाळी संध्याकाळ, ओला जिना, हातात पखवाज आणि खाली वस्ताद दिसताच पखवाजाने मारलेली उसळी. बंड्याची पाठ मी सरळ ठेवली. माझी राहिली नाही. माणसांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "मणक्यातली चकती सरकली आहे. जिने बंद, वजन उचलायचं नाही." मी म्हटलं, "हे मी आधी ऐकलंय." ते म्हणाले, "कोणाकडून?" सांगायची लाज वाटली.

तीन आठवडे आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर शेजारी शेजारी आडवे. बंड्याला खाली न्यायचं काम बायकोकडे गेलं. तिने जाताना पट्टाच घेतला नाही, बंड्याला काखोटीला मारला आणि निघाली. मी "अगं, पाठ आडवी धर" म्हणेपर्यंत ती पहिल्या मजल्यावर पोचली होती. भिंतीला धरत धरत गॅलरीत आलो. म्हटलं, आज वस्ताद काही सोडत नाही.

गेटपाशी तिने बंड्याला सरळ खाली ठेवला आणि स्वतः भाजीच्या गाडीकडे वळली. बंड्या उभा. वस्ताद रिक्षेखालून बाहेर आला. माझ्या तोंडून आवाज फुटेना. दोघांनी एकमेकांना पुढून हुंगलं, मागून हुंगलं. मग वस्ताद परत रिक्षेखाली गेला, थोडा सरकला, आणि बंड्या मुकाट्याने त्याच्या शेजारी जाऊन बसला. कोरड्या जागेत.

बायको कोथिंबीर घेऊन आली. तिने वाकून बंड्याला उचललं मात्र, तो वस्तादकडे मान वळवून असा काही तुटून पडला की भाजीवाल्याच्या हातातली दोडकी खाली पडली.

वर आल्यावर मी विचारलं, "हे काय होतं?"

"कुठे काय? रोज बसतात ते दोघं," ती म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला बसली.