बबल मधोमध आला म्हणजे रायफल सरळ झाली का?

नेमबाजीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. कोल्हापुरात रेंजवर नव्याने येणाऱ्या मुलांचे पालकसुद्धा तो एकमेकांना पाठवतात. थोडक्यात तो असा : ‘स्कोपच्या (रायफलवरच्या दुर्बिणीच्या) वरच्या टोपीवर लेव्हल (पाणसळ) ठेवा, बबल मधोमध आणा, स्क्रू आवळा. पुन्हा बघायची गरज नाही. रायफल नेहमी काटकोनात, म्हणजे बाजूला जराही न कलवता धरा, ऑलिंपिकचे खेळाडू तशीच धरतात. १० मीटरवर जराशा तिरकेपणाने काही होत नाही. एवढं करूनही गोळ्या बाजूला गेल्या तर ट्रिगर चुकतोय, दुसरं काही नाही.’

ऐकायला प्रत्येक वाक्य पटतं आणि नवीन मूल ते खरं धरून चालतं. त्यामुळे एकेक तपासून बघू.

सुरुवात १० मीटरपासून करू, कारण आपल्याकडची बहुतेक मुलं तिथेच शिकतात. पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, नळीतून सुटलं की लगेच खाली येऊ लागतं. ती घट भरून निघावी म्हणून नळी नजरेच्या रेषेला किंचित चढ देऊन रोखलेली असते. रायफल उजवीकडे कलली की हा चढही उजवीकडे कलतो. पेलेट उजवीकडे आणि थोडं खाली लागतं. किती उजवीकडे, तर एकूण घट गुणिले कलाच्या कोनाची साइन, एवढाच हिशोब. सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघालेलं पेलेट १० मीटरपर्यंत जाताना पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास खाली येतं. म्हणजे ५ अंशांच्या कलाला दीड मिलिमीटर बाजूला.

दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं ज्याला वाटतं त्याने एअर रायफलचं टार्गेट आठवावं. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एका रिंगपासून पुढच्या रिंगपर्यंत अडीच मिलिमीटर, म्हणजे दशांशातला प्रत्येक ०.१ गुण पाव मिलिमीटरचा. दीड मिलिमीटरला ०.६ गुण जातात. १०.९ चा, म्हणजे अगदी मधोमधचा शॉट १०.३ होतो, आणि मुलाला वाटतं की नेम तर बरोबर होता. फायनलमध्ये दोन खेळाडूंमधलं अंतर कित्येकदा ०.१ चं असतं. तिथे १ अंशाचा कलही पुरतो.

५० मीटरवर .२२ च्या गोळीची घट सुमारे १२ सेंटीमीटर होते. तोच ५ अंशांचा कल आता गोळी एक सेंटीमीटर सरकवतो. दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे. अगदी मधोमध लागणारी गोळी सरळ नवात जाते.

आता ऑलिंपिकचे खेळाडू. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं, ४५१.४ गुणांनी. त्याआधी २०१० मध्ये आपल्या तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनच्या, म्हणजे झोपून नेम धरायच्या प्रकारातल्या, विश्वविजेत्या झाल्या होत्या. ही नावं घेऊन कुणी ‘रायफल काटकोनातच’ सांगू लागलं की वाईट वाटतं. या प्रकारांत रायफलवर दुर्बीण चालतच नाही. मागे छोट्या भोकाची डायॉप्टर साइट आणि पुढे रिंग, एवढ्यावर नेम धरायचा. आणि जगभरातले कितीतरी चांगले रायफल नेमबाज रायफल मुद्दाम थोडी डोक्याकडे कलवून धरतात. त्याने मान सरळ राहते, गाल बटवर नीट टेकतो, खांद्यावरचा ताण कमी होतो.

मग त्यांच्या गोळ्या बाजूला का जात नाहीत? अंतर ठरलेलं असतं आणि साइट त्याच कलात झिरो केलेली, म्हणजे गोळी नेमावरच लागेल अशी लावलेली असते, म्हणून. ७ अंशांचा कल प्रत्येक शॉटला ७ अंशच राहिला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते पहिल्या शॉटला ७, दहाव्याला ४ आणि तिसाव्याला ९ झाल्यावर. पुढच्या साइटमध्ये जी छोटी लेव्हल बसवतात ती याचसाठी. तिचा बबल खेळाडूच्या स्वतःच्या कलाला मधोमध येईल अशी ती लावता येते. बारा वर्षांच्या मुलाची मान वाकडी करून रायफल ‘सरळ’ करायला लावणं हे त्याच्या शरीराशी भांडण आहे, आणि दमलं की शरीर ऐकत नाही. एक मात्र लक्षात ठेवायचं. कललेल्या रायफलवर साइट सरकवायचे क्लिकही तिरके चालतात. वरचा क्लिक दिला की शॉट थोडा बाजूलाही सरकतो.

स्कोपची गोष्ट वेगळी आहे, कारण बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून होणाऱ्या) किंवा लांब पल्ल्याच्या नेमबाजीत अंतर बदलतं आणि प्रत्येक अंतराला टरेट, म्हणजे स्कोपचा नेम वरखाली करायचा स्क्रू, फिरवावा लागतो. तिथे खरी अट एकच, क्रॉसहेअरची, म्हणजे स्कोपमधल्या फुलीची, उभी रेघ शॉटच्या वेळी ओळंब्यात हवी. .३०८ सारख्या गोळीला हजार यार्डांवर साधारण १० मीटरची घट भरून काढावी लागते. तिथे १ अंशाची चूक १७ सेंटीमीटरला पडते.

पण टोपीवर लेव्हल ठेवून ही रेघ उभी झाली, हे कशावरून? टोपी म्हणजे स्क्रूवरचं झाकण. आतली रेघ टोपीच्या पृष्ठाशी काटकोनात असेलच याची खात्री नाही. साध्या स्कोपमध्ये तर फरक डोळ्यांनी दिसण्याइतका असू शकतो. त्यापेक्षा दोरीला ओळंबा बांधून भिंतीसमोर लटकवा, वारा नसलेल्या जागी. रायफल स्टँडवर घट्ट बसवा, स्कोपमधून बघत उभी रेघ दोरीवर आणा. मग रायफलवरच्या लेव्हलचा बबल मधोमध येईल अशी ती लावा. टार्गेटच्या फ्रेमवर किंवा दाराच्या चौकटीवर रेघ जुळवू नका, त्या स्वतःच कललेल्या असू शकतात. नुसत्या डोळ्यांवरही विसंबू नका. गाल बटवर टेकून डोकं कललं की उभं काय याचा अंदाज चुकतो.

स्कोप रायफलवर किंचित फिरलेला बसला तर त्याचं नुकसान मात्र लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. स्कोप नळीच्या ५ सेंटीमीटर वर आहे आणि रायफल ३ अंश फिरलेली आहे, पण रेघ ओळंब्यात आहे, असं धरा. ५० मीटरवर झिरो केलं तर १०० मीटरवर जेमतेम अडीच मिलिमीटरचा फरक येतो. तासन्‌तास रेल (रायफलवरची स्कोप बसवायची पट्टी) आणि टोपी जुळवत बसणारे नको तिथे जीव ओततात.

‘पुन्हा बघायची गरज नाही’ हे तर स्क्रू आवळतानाच खोटं ठरतं. स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगचे स्क्रू एका बाजूने ओढले की स्कोप आवळताना बऱ्याचदा थोडा फिरतो. दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, थोडे थोडे आवळा आणि शेवटी ओळंबा परत बघा. लेव्हलचीही परीक्षा घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ बसवणारा कोणताही फिटर पाणसळ एकदा ठेवतो, मग जागच्या जागी उलटी फिरवून ठेवतो. दोन्ही वेळा बबल पृष्ठाच्या त्याच बाजूला, तेवढाच सरकलेला दिसला तर दोष पृष्ठाचा. बबलने बाजू बदलली तर दोष पाणसळीचा. स्वस्त लेव्हलमध्ये काचेची नळीच वाकडी चिकटवलेली असू शकते.

टरेट सरळ चालतो का, हे कागदावरच कळतं. उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ आखा, खालच्या खुणेवर नेम धरून गोळ्या मारा. मग नेम तिथेच ठेवून टरेट बराच वर फिरवा आणि पुन्हा मारा. वरचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, रेघेपासून एका बाजूला गेला तर एक तर स्कोप फिरलेला आहे किंवा त्याची चाल तिरकी आहे.

राहिला ट्रिगरवरचा आरोप. माझा सगळ्यात जास्त राग या वाक्यावर आहे, कारण त्याची शिक्षा मूल भोगतं. १० मीटरच्या बंद रेंजवर वारा नसतो, त्यामुळे आडवा पसरलेला ग्रुप बघून प्रशिक्षक आणि पालक दोघेही लगेच बोटाकडे वळतात. महिनोन्‌महिने ड्राय फायरिंग (गोळी न भरता ट्रिगरचा सराव), रागावणं, ‘लक्ष नाही तुझं’. ट्रिगर चुकतो, नक्की चुकतो. पण आधी ही चाचणी करा. मुलाला नेहमीसारखे पाच शॉट मारू द्या, मग रायफल मुद्दाम १० अंश उजवीकडे कलवून पाच, मग तेवढीच डावीकडे कलवून पाच. ग्रुप तीन तीन मिलिमीटर दोन्हीकडे सरकलेले मूल स्वतः बघेल. त्यानंतर पुढच्या साइटमध्ये लेव्हल लावा, प्रत्येक शॉटआधी बबल बघायला सांगा आणि आडवा पसारा किती आवळतो ते मोजा. तरीही तो तसाच राहिला, तर मग बोटाबद्दल बोला.