डिलिव्हरी नोटवर सही केली म्हणून हक्क संपत नाही

‘नवी गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोटवर (गाडी मिळाल्याच्या कागदावर) सही केली की शोरूमची जबाबदारी संपली,’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. कृपया पुढे पाठवू नका.

गाडी हातात देण्याआधी तिची तपासणी (पीडीआय) करणं हे डीलरचं काम आहे. चाकाचे नट ढिले राहिले, ब्रेक ऑइल कमी निघालं, तर तो निष्काळजीपणाच. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ती सेवेतली त्रुटी ठरते आणि भरपाई मागता येते. माझ्या भावाच्या नव्या गाडीच्या दाराचा रंग उन्हात वेगळा दिसला. दाराच्या कडेची रबरी पट्टी (बीडिंग) उचलली तर खाली रंगाचे ताजे शिंतोडे, म्हणजे दार पुन्हा रंगवलेलं! सही कधीच झाली होती, तरी डीलरला लेखी उत्तर द्यावंच लागलं.

मात्र प्रत्येक चुकीला गाडी बदलून मिळते, हेही खरं नाही. दुरुस्त होण्यासारखा दोष असेल तर बहुतेक वेळा दुरुस्ती आणि भरपाईच मिळते.

फोटो काढा, जॉबकार्डची (वर्कशॉपमधल्या कामाच्या नोंदीची) प्रत घ्या, ईमेलवर तक्रार करा. ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: 1915.