"एक पेग तरी मार की मास्तर"

सकाळी चहा टाकला, फोन हातात घेतला आणि आमच्या व्हिडिओखाली पहिली कमेंट दिसली ती ही. "एक पेग तरी मार की मास्तर, ताक पिऊन कसली आली मजा!" खाली ४३ लाइक आणि हसण्याच्या इमोजींची रांग. चहा उतू गेला. दिवसभर ऑफिसात कामं उरकत होते, पण ती ओळ काही डोक्यातून जाईना. आता साडेबारा वाजलेत. झोप येत नाही, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे.

ज्यांना आमचं चॅनल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही पाच जण, कॉलेजपासूनचे. चौघं खेळतात, मी एडिट करते. कर्वेनगरच्या एका फ्लॅटवर शनिवारी रात्री जमायचं. टेबलावर बाटली, सोडा, चकल्या, खारे शेंगदाणे. स्क्रीनवर एखादा असा गेम, जो शुद्धीतल्या माणसालाही धड जमत नाही. चौघं प्यायचे, खेळायचे, पडायचे, एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे. पाच तासांच्या फुटेजचे मी अठरा मिनिटं करायचे आणि ते लोकांना आवडायचं. अजूनही रस्त्यात कुणी ओळखलं की "आज बसणार का?" असंच विचारतात. आपल्याकडे 'बसायचं का' म्हटलं की कशासाठी हे कुणी विचारत नाही.

मास्तर म्हणजे आमच्यातला सगळ्यात विनोदी. शिक्षक वगैरे नाही, पण कुठलाही गेम सुरू झाला की आधी सगळ्यांना नियम समजावून सांगतो आणि मग पहिला स्वतःच मरतो, म्हणून मास्तर. खरं नाव लिहीत नाही. ही पोस्ट टाकू का, हे त्याला विचारलंय. "टाक" म्हणाला.

मास्तर गेल्या वर्षीपासून पीत नाही. व्हिडिओत त्याच्यासमोर स्टीलचा तांब्या असतो, त्यात ताक. बाकी तिघांनीही रेकॉर्डिंगच्या रात्री प्यायचं नाही असं ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. तेव्हापासून बघणारे निम्म्यावर आले आणि कमेंटमध्ये हे सुरू झालं. पूर्वीची मजा नाही. बायकोने बंद केली वाटतं. एक पेग तरी मार.

अरे, तो काय तुमचं माकड आहे का?

मला ती रात्र सांगायचीय. २०२२ चा पावसाळा, लाइट दोनदा जाऊन आलेले. 'गेटिंग ओव्हर इट' खेळत होते. २०१७ चा गेम, बेनेट फॉडीचा. कढईत बसलेला एक उघडा माणूस, हातात लांब दांड्याचा हातोडा. माउस फिरवून हातोडा खडकात अडकवायचा आणि स्वतःला कढईसकट वर ओढायचं. मधे कुठे टप्पा नाही. घसरलात तर किती खाली जाल याचा नेम नाही. आणि तुम्ही पडलात की खुद्द फॉडी संथ आवाजात धीराचे चार शब्द ऐकवतो, त्याने तर माणूस आणखीच पेटतो. बरंच वर एक साप लोंबकळतोय. शेजारी चक्क पाटी आहे, सापावर बसू नका म्हणून. त्याला हातोडा अडकला की तो थेट पायथ्याशी, जिथून सुरुवात केली तिथे आणून टाकतो. सापशिडीत शंभरच्या अलीकडे असतो तसला साप.

मास्तर त्या रात्री पहिल्यांदाच इतका वर पोचला होता. पहाटेचे एक चाळीस. पाचवा पेग असेल, सहावा असेल. त्याने पाटी मोठ्याने वाचून दाखवली, "बघा मुलांनो, इथे काय लिहिलंय," आणि पुढच्याच सेकंदाला हातोडा सापात. सगळे जमिनीवर लोळले. तो स्वतः लोळला. ती क्लिप तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. आमचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ तो.

त्यानंतर काय झालं ते तुम्ही पाहिलेलं नाही, कारण ते मी कापलं.

एक जण बाथरूममध्ये गेला, एक सोफ्यावरच झोपला, एक गॅलरीत फोनवर. मास्तर एकटा स्क्रीनसमोर. हात माउसवर, पण माउस हलत नाहीये. कढई पायथ्याशी तशीच. आमच्याकडे प्रत्येकाचा माइक वेगळ्या ट्रॅकवर येतो, त्यामुळे मला एडिटिंगच्या टाइमलाइनवर तिघांच्या आवाजाच्या पट्ट्या सपाट दिसत होत्या आणि त्याच्या पट्टीवर मधेच बारीक रेघा. आवाज वाढवून ऐकलं. तो म्हणत होता, "आईला फोन करायचा राहिला." मग बराच वेळ काही नाही. मग परत तेच. त्याची आई साताऱ्याला एकटी असते, त्या दिवशी तिचे रिपोर्ट येणार होते. अकरा मिनिटं तो तिथे बसला होता. अकरा मिनिटं आणि काही सेकंद.

मी सोमवारी रात्री ते पाहिलं, दोनदा पाहिलं आणि कट मारला. पडण्यावर झूम, वर ढोल-ताशाचा आवाज, आणि तिथून थेट पुढच्या शनिवारची जाहिरात.

आता कुणी म्हणेल, एडिटर कापणार नाही तर काय करणार. बरोबर. माझं कामच ते.

पण मग ऐका, मी काय काय कापत आले. पाच तासांचं फुटेज असतं ना, त्यातले पहिले दीड-दोन तास ही सगळी मजा. तिसऱ्या पेगनंतर माणूस विनोदी राहत नाही. एकच किस्सा चार वेळा सांगतो, जोक मारतो आणि शेवट विसरतो, रुसतो. कुणीतरी कुणालातरी २०११ मधलं काहीतरी काढून दाखवतं. मग कुणाला तरी ओकारी. यातलं काहीच तुमच्यापर्यंत येत नाही. तुम्ही ज्याला 'दारूची मजा' म्हणता ती मजा मी सोमवार ते गुरुवार रात्री जागून बनवत होते. कुठे दोन फ्रेम आधी कापायचं, कुठे शांतता अर्धा सेकंद ताणायची, कुठे मास्तरच्या तोंडावर जायचं. बाटली टेबलावर होती, पण व्हिडिओ बाटलीने बनवला नव्हता.

आणि गेम बघा की कुठले! 'ह्यूमन फॉल फ्लॅट'मधली पिठाच्या गोळ्यासारखी माणसं आधीच झिंगलेली असतात, त्यांना सरळ चालताच येत नाही. याच फॉडीचा २००८ चा 'क्वॉप' घ्या, चार बटणांनी धावपटूच्या मांड्या आणि पोटऱ्या वेगवेगळ्या हलवायच्या, बहुतेकांचा धावपटू दोन पावलांत तोंडावर. 'ओव्हरकुक्ड'मध्ये चार शहाणी माणसं एका स्वयंपाकघरात टाकली की दोन मिनिटांत आग लागते आणि "टोमॅटो कोण चिरतंय?" यावर मैत्री तुटायची वेळ येते. या गेममध्ये झोकांड्या आधीच भरून ठेवलेल्या आहेत. आपल्या रंगभूमीवर शंभर वर्षं तळीराम झोकांड्या खातोय आणि लोक हसतायत, ते काय नट विंगेत खंबा रिकामा करून येतो म्हणून?

आमचे पहिले सहा व्हिडिओ दारूशिवायचे होते, हे आता कुणाच्या लक्षातही नाही. एप्रिल २०२०, लॉकडाउन, जो तो आपापल्या घरात कोंडलेला, डिस्कॉर्डवर गप्पा आणि सोबत 'फॉल फ्लॅट'. दुकानंच बंद होती, पिणार काय? मग मे महिन्यात दुकानं उघडली, त्या रांगा आठवत असतील तुम्हाला. आमच्यातल्या एकाने रांगेत तीन तास उभं राहून मिळवलेली बाटली कॅमेऱ्यासमोर हार घालून ठेवली. तो सातवा व्हिडिओ. तो चालला. तिथून चॅनलचं नावच पडलं.

थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओ उघडायच्या आधी दिसतं त्या चित्रावर, बाटली मीच लावायचे, हेही लिहून टाकते. दोन वर्षं, दर आठवड्याला. बाटलीवाला थंबनेल जास्त चालतो हे मला आकड्यांत दिसत होतं. तेव्हा प्रेक्षकांना काय माहीत, हा मुद्दाही मान्य. आपण दाखवलं तेच त्यांनी मागितलं.

तरीपण. आता माहीत आहे ना? मास्तरने स्वतः व्हिडिओत सांगितलंय. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्याच व्हिडिओत, गेम सुरू व्हायच्या आधी, दोन वाक्यांत. "मी मुक्तांगणला होतो. आता पीत नाही, तर कुणी आग्रह करू नका." मुक्तांगण म्हणजे पुण्यातलं व्यसनमुक्ती केंद्र. एवढं सरळ सांगूनही ज्याला 'एक पेग तरी' लिहावंसं वाटतं त्याला मी काय म्हणू? मास्तरसाठी एक पेग म्हणजे किती, हे मी माझ्या टाइमलाइनवर पाहिलंय. आणि लिहिणाऱ्यांच्या प्रोफाइल उघडून बघितल्या मी आज. दहावीच्या निकालाचे फोटो आहेत त्यांवर! महाराष्ट्रात हार्ड लिकरला २५ पूर्ण लागतात, बिअरला २१. यांना अजून ठसठशीत मिशी नाही आणि हे चाळिशीला आलेल्या माणसाला पेग मारायला सांगतायत.

मोठेही कमी नाहीत. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला जे झालं, दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जिवानिशी गेले, त्याला जामिनासाठी लिहायला सांगितलेल्या त्या ३०० शब्दांच्या निबंधावर अख्खं पुणं पेटून उठलं होतं. आपणही, मीही. माझ्या लिस्टमधल्या दोघांनी तेव्हा 'ही दारूची संस्कृती थांबवा' म्हणून भल्या मोठ्या पोस्ट टाकल्या होत्या. आज त्या ४३ लाइकमध्ये त्या दोघांची नावं आहेत. नावं इथे लिहीत नाही. वाचत असाल तर तुम्हाला कळलंय.

प्रत्येक पिणारा व्यसनी नसतो, माहितीये. माझे बाबा महिन्यातून एकदा एक बिअर घेतात आणि शांत झोपतात. मी स्वतः घेते. विषय तो नाहीये.

पाणी प्यायला उठले होते. जरा शांत झाले.

येरवड्याला मुक्तांगणमध्ये मास्तरला सोडायला त्याच्या ताईबरोबर मी गेले होते. तिथे बाकावर बसलो असताना ताई म्हणाली, "तुमचे व्हिडिओ मी बघायचे गं. वाटायचं, मित्रांत आहे, हसतोय, चांगलंय." मला तिच्याकडे बघवेना. तिला ती अकरा मिनिटं माहीत नव्हती, मला माहीत होती. दीड वर्ष माझ्या हार्ड डिस्कवर होती. मला त्याच सोमवारी त्याला फोन करता आला असता. मी व्हिडिओ अपलोड केला आणि 'काय पडलायस रे' म्हणून त्याला लिंक पाठवली.

मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभं केलं, आणि त्यासाठी पैसे दिले ते पु. ल. आणि सुनीताबाईंनी. हे मला आधीपासून माहीत होतं, पुण्यात वाढलेल्या कुणालाही असतं. पण त्या बाकावर बसल्यावर ते वेगळं लागलं. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाचे पैसे त्या जागेत गेलेत आणि आमचा हसवणारा तिथे आत चाललाय, पिशवीत दोन टॉवेल आणि चपलेचा जास्तीचा जोड घेऊन. गेटपाशी वळून तो मला म्हणाला, "चॅनल बंद करू नका हां. मी येतो."

आला. बारीक झाला होता. पहिल्या शनिवारी सगळे इतके अवघडलेले की कुणाला काय बोलावं सुचेना. एकाने कोकम सरबत आणलं, एकाने चुकून सोडा आणला आणि लपवत बसला. मास्तरने ताकाचा तांब्या टेबलावर ठेवला, कंट्रोलर हातात घेतला आणि पहिल्यापासून नियम समजावून सांगायला लागला. 'ओव्हरकुक्ड'. आम्ही तो गेम पन्नास वेळा तरी खेळलोय. त्याने भात कसा शिजवायचा हे चार मिनिटं सांगितलं आणि पहिला भात त्यानेच जाळला. त्या रात्रीच्या फुटेजमध्ये मला शेवटच्या तासातही हसायला आलं. पहिल्यांदाच. रात्री बारा वाजता चौघंही शुद्धीत, प्रत्येकाला मागचं वाक्य आठवतंय, जोक धरून ठेवतायत, तासाभराने परत काढतायत. अठरा मिनिटांत मावेना, तीस मिनिटांचा केला.

आणि मग खाली, "पूर्वीची मजा नाही."

पूर्वी कुणाला मजा येत होती? तुम्हाला. मास्तरला येत होती की नाही हे मला विचारा, त्याचा माइक माझ्याकडे आहे.

ती कमेंट मी उडवली नाही. त्याने वाचलीय. दुपारी मेसेज केला तर म्हणाला, "अगं पोरं आहेत, सोड." मला सोडता येत नाही. त्याला येतं, बरंय. मग त्याने विचारलं, ते साप असलेल्या रात्रीचं पूर्ण फुटेज आहे का अजून. आहे म्हटलं. "ठेव," म्हणाला. का ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या फाइलची आज मी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवलीय.

थंबनेलवरून बाटली गेलीच आहे. जुन्या व्हिडिओंचे थंबनेलही बदलणार आहे, शंभरच्या वर आहेत, वेळ लागेल. निम्मे गेले ते गेले. राहिलेल्यांत एक कोल्हापूरच्या काकू आहेत, त्या दर आठवड्याला ताकात हिंग घाला, जिरं घाला असं लिहितात. मास्तर ते खरंच करतो.

'गेटिंग ओव्हर इट'मध्ये सेव्ह वेगळं करावं लागत नाही. बंद केला तरी जिथे होतात तिथेच पुढच्या वेळी सुरू होतो. गेल्या महिन्यापासून मास्तर परत तोच खेळतोय, सकाळी ऑफिसला जायच्या आधी अर्धा तास, आईशी फोनवर बोलत बोलत. कढई आत्ता संत्र्यांपाशी अडकलीय. साप अजून बराच वर आहे.

शनिवारी साडेआठला बसतोय.